शब्द ओळखीचा, अर्थ परका



मी राहतो ते अंबरनाथ पश्चिम हे कारखान्यांचे गाव. सकाळी स्टेशनकडे निघालेल्या माणसांचे बोलणे सहज कानावर पडते. “आज पहिली पाळी का?” “नाही हो, रात्रपाळी. मागच्या आठवड्यात दोन खाडे झाले, आता उचल कोणत्या तोंडाने मागायची?” या बोलण्यात इंग्रजी शब्द जवळजवळ नाहीच. पण ज्या गोष्टींविषयी हे बोलणे चालले आहे, त्या साऱ्या गिरणी-कारखान्यांबरोबर आल्या. शिफ्ट आली, ॲडव्हान्स आला, कारखान्याचा सायरन आला. कामगारांनी शिफ्टला ‘पाळी’ म्हटले, ॲडव्हान्सला ‘उचल’ म्हटले आणि सायरनला ‘भोंगा’ म्हटले. यासाठी कोणी समिती नेमली नव्हती, कोणी कोश उघडला नव्हता. पाळी म्हणजे वार, खेप. विहिरीवर पाणी भरण्याची पाळी असते, तशी यंत्रावर उभे राहण्याचीही पाळी. काम ओळखले आणि त्या कामाला घरातलाच शब्द दिला.

काही शब्दांचे त्यांनी भाषांतरही केले नाही. नुसते तोंडात घोळवून गुळगुळीत करून घेतले. प्लॅटफॉर्मचा ‘फलाट’ झाला. आज फलाट हा शब्द मूळचा मराठी नाही असे सांगितले तर ऐकणारा आपल्याकडेच संशयाने पाहील. त्याआधी पोर्तुगीजांकडून पाव, बटाटा, चावी, पगार हे शब्द असेच आले आणि घरचे होऊन बसले.

रोजच्या वापरातले इंग्रजी शब्द आपल्या भाषेत कसे आणावेत, हा आजचा विषय आहे. वरवर पाहिले तर यात अवघड काय? कोश उघडावा, समोरचा शब्द उचलावा, झाले! पण तसे होत नाही, आणि होत नाही म्हणून माणसांचे नुकसान होते. कसे ते सांगण्यापूर्वी थोडा वेळ फ्रान्सकडे जाऊ. कारण इंग्रजी शब्दांचे भाषांतर करण्याचे काम सर्वांत सोपे कोणाला असावे, तर ते फ्रेंच माणसाला, असेच कोणीही म्हणेल.

याला कारण आहे. सन १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. पुढे कितीतरी पिढ्या तिथल्या दरबाराची भाषा फ्रेंच होती. राज्यकारभाराचे, न्यायाचे, स्वयंपाकाचे शेकडो फ्रेंच शब्द इंग्रजीत शिरले. गोठ्यात गाय राखणारा इंग्रज होता, म्हणून जनावराचे नाव इंग्रजी राहिले, ‘काऊ’. पण ताटावर बसणारा फ्रेंच होता, म्हणून मांसाचे नाव फ्रेंच झाले, ‘बीफ’. मेंढीचेही तसेच. आपला ‘मटण’ हा शब्द याच वाटेने आला. फ्रेंचांचा मूळ शब्द आजही जिवंत मेंढीलाही लागतो, इंग्रजांचा फक्त तिच्या मांसाला, आणि आपण खाटकाकडून मटण आणतो ते पुष्कळदा बोकडाचे असते! शब्द एक, घरे तीन आणि अर्थही तीन.

तर अशा या दोन भाषा. त्यांचे शेकडो शब्द दिसायला अगदी सारखे. आणि फ्रेंच विद्यार्थी फसतो तो नेमका याच सारखेपणामुळे. इंग्रजीतली लायब्ररी म्हणजे वाचनालय. फ्रेंचमधील ‘लिब्रेरी’ म्हणजे पुस्तकांचे दुकान. वाचनालयाला फ्रेंच माणूस ‘बिब्लिओतेक’ म्हणतो. इंग्रजी ‘रेझिन’ म्हणजे मनुका. तीच अक्षरे फ्रेंचमध्ये ‘रेझँ’ अशी वाचतात आणि अर्थ होतो ताजी द्राक्षे. इंग्रजी ‘कॉइन’ म्हणजे नाणे, तर त्याच अक्षरांचा फ्रेंच अर्थ कोपरा. इंग्रजी ‘पेन’ म्हणजे दुखणे, फ्रेंचमध्ये त्याच अक्षरांचा अर्थ पाव! केस्लर आणि देरोकिन्यी या दोघा लेखकांनी १९२८ साली अशा फसव्या इंग्रजी शब्दांवर फ्रेंच वाचकांसाठी एक पुस्तकच लिहिले आणि त्यांना नाव दिले ‘खोटे मित्र’. तेव्हापासून भाषा शिकवणाऱ्यांमध्ये हे नाव रूढ झाले. शब्द अनोळखी असेल तर माणूस थांबतो, कोणाला तरी विचारतो. ओळखीचा वाटला की तो विचारतच नाही, आणि तिथेच फसतो.

दुसरी अडचण याहून वेगळी. एका इंग्रजी शब्दाच्या पोटात अनेक कामे असतात. तिकीट हाच शब्द घ्या. पॅरिसमध्ये भुयारी गाडीचे किंवा बसचे असेल तर फ्रेंच माणूस ‘तिके’ म्हणेल, पण लांबच्या आगगाडीचे किंवा नाटकाचे असेल तर ‘बिये’. इंग्रजी ‘यू’ आला की त्याला आधी विचारावे लागते, समोर कोण आहे? मित्र असेल तर ‘त्यू’, वडीलधारा किंवा परका असेल तर ‘वू’. हे आपल्याला चटकन समजते, कारण आपल्याकडेही तू, तुम्ही आणि आपण आहे. अंकल या शब्दाला मात्र फ्रेंच माणसाकडे एकच शब्द पुरतो. आपल्याला पुरत नाही. वर्गात ‘माझे अंकल आले’ असे वाक्य आले की मराठी मुलाने विचारलेच पाहिजे, काका की मामा? की मावशीचे यजमान? की आत्याचे? ज्या मुलाला हा प्रश्न पडला, त्याला भाषांतर म्हणजे काय ते समजले असे मी मानतो.

फ्रेंचशी आपला काही संबंध नाही असेही समजू नका. एकोणिसाव्या शतकात कोकणातली पुष्कळ माणसे मजुरीच्या करारावर मॉरिशस बेटात गेली. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवतात. त्या बेटावर कायद्याचे काम इंग्रजीत, वर्तमानपत्रे बरीचशी फ्रेंचमध्ये आणि बाजारातले बोलणे क्रिओल भाषेत. ही क्रिओल फ्रेंचमधूनच घडलेली. फ्रेंच भाषेत ‘थोडा पाव’ म्हणायला जे दोन शब्द लागतात, ते एकत्र घोटून क्रिओलमध्ये पावाला ‘दिपँ’ म्हणतात. आपल्या फलाटासारखेच हे. कष्टकरी माणूस कुठेही गेला तरी परक्या शब्दाला याच रीतीने आपलासा करतो.

आता आपल्या घरी येऊ. खोटे मित्र आपल्याकडेही आहेत. हिंदीतली ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत मात्र ती छडीने होते. हिंदीतला ‘संसार’ म्हणजे जग, आपला संसार म्हणजे घरातली चूल, भांडी आणि मुलेबाळे. शिक्षकांना ही उदाहरणे पाठ असतात. यात फार तर हसू होते, नुकसान होत नाही. पण मी एक उदाहरण असे पाहिले आहे की त्यात हसण्यासारखे काही नव्हते.

आमच्या शेजारी एक फिटर राहत होते. लग्नाआधी त्यांनी एका बँकेत मुदतीची ठेव ठेवली. अर्जावर इंग्रजीत ‘नॉमिनी’ असा रकाना होता आणि त्याखाली मराठीत छापले होते, ‘वारसाचे नाव’. त्यांनी धाकट्या भावाचे नाव लिहिले. पुढे लग्न झाले, दोन मुली झाल्या, ठेव मात्र दर वेळी मुदत वाढवत तशीच राहिली. अर्जातले नाव बदलायचे कोणाच्या ध्यानातही आले नाही. आणि एके दिवशी ते अचानक गेले. महिन्याभराने त्यांची पत्नी कागद घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, “सर, यावर वारस म्हणून भाऊजींचं नाव आहे. मग आम्ही कोण?”

मी म्हटले, “वहिनी, तुम्ही वारसच आहात. कागदावरचा शब्द चुकला आहे.” पण माझ्या म्हणण्याने काय होते? भाऊजी काही लबाड गृहस्थ नव्हते. कागदावर जे छापले होते तेच त्यांनी खरे मानले. थोरल्या भावाने आपल्याला वारस केले, ही त्यांची समजूत. वकिलाने समजावून सांगेपर्यंत दोन्ही घरांत नको ते बोलणे होऊन गेले होते. अखेर पैसे ज्यांचे त्यांना मिळाले. पण त्या दिवाळीला पोरींच्या काकांच्या घरचा फराळ आला नाही, आणि त्यानंतरही कधी आला नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेण्यासाठी आपण नेमून दिलेला माणूस. बँकेने कोणाच्या हाती रक्कम द्यावी एवढेच त्या रकान्याने ठरते. ती रक्कम अखेर कोणाची, हे मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसेल तर पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत बायको, मुलगे, मुली आणि आई येतात. त्यांच्यापैकी कोणी हयात असताना भावाचा क्रम लागत नाही. नॉमिनी हा मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या एका खटल्यात १९८३ साली आणि बँकेतील ठेवीच्या एका प्रकरणात २०१० साली स्पष्ट केले आहे. विम्याच्या कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून विमा उतरवणाऱ्याने आपले आई-वडील, पती किंवा पत्नी, अथवा मुले यांना नेमले असेल, तर विम्याची ती रक्कम सामान्यतः त्यांच्याच हक्काची होते. म्हणजे एका रकान्यातल्या एका शब्दामागे एवढा कायदा उभा आहे. त्या शब्दाला ‘वारस’ म्हणणे हा आपल्या घरातला खोटा मित्र. शब्द ओळखीचा, अर्थ मात्र परका.

असाच दुसरा शब्द गॅरंटर. कर्ज घेणारा मित्र येतो आणि म्हणतो, “काही नाही रे, साक्षीदार म्हणून नुसती सही कर.” साक्षीदार आणि जामीनदार यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. साक्षीदार फक्त ‘माझ्यासमोर सही झाली’ एवढेच सांगतो. जामीनदार मात्र कर्ज अंगावर घेतो. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराच्या जबाबदारीएवढीच असते. तेव्हा गॅरंटरला ‘साक्षीदार’ म्हणणे ही भाषेची चूक राहत नाही, घरावर येणारे संकट होते. आणि गंमत अशी की ‘जामीन’ हा नेमका शब्द आपल्या आजा-पणजाच्याही तोंडी होता.

मग यावर उपाय म्हणून सगळीकडे नवे संस्कृत शब्द घडवावेत काय? हा प्रयोग आपल्याकडे जुना आहे. शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना पर्याय देण्यासाठी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. त्यात तेराशेहून अधिक शब्द आहेत. सरनौबतचा सेनापती झाला, सुरनीसचा सचिव झाला. हे शब्द आजही आपण वापरतो. पण पेशव्याला पंतप्रधान म्हटले तरी लोकांच्या तोंडी पेशवाच राहिला, आणि जमीन, कागद, दरवाजा हे फारसी शब्द कोणी हलवू शकले नाही. पुढे इंग्रजी अमलात मोल्सवर्थ आणि कँडी या दोघांच्या श्रमातून १८४७ साली मोठा इंग्रजी-मराठी कोश तयार झाला. नंतर सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली. महापौर, दिग्दर्शक, हुतात्मा हे त्यांच्या नावाने सांगितले जाणारे शब्द आज शाळेतल्या मुलालाही कळतात. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, त्याच वर्षी शासनाचे भाषा संचालनालय सुरू झाले आणि कलेक्टरचा जिल्हाधिकारी झाला. हा शब्द रुजला, कारण जिल्हा आणि अधिकारी हे दोन्ही शब्द खेड्यात ठाऊक होते. पण मोबाईलला ‘भ्रमणध्वनी’ पत्रिकेवर छापतात, बोलत कोणीच नाही.

फ्रेंचांचाही अनुभव हाच. त्यांची भाषेची अकादमी १६३५ साली स्थापन झाली. जाहिराती, करारपत्रे, सरकारी कागद फ्रेंचमध्ये असलेच पाहिजेत असा कायदा त्यांनी १९९४ साली केला. तरी आठवड्याच्या सुट्टीला फ्रान्सचा माणूस इंग्रजी ‘वीकएंड’च म्हणतो. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात फ्रेंच बोलतात, तिथे रस्त्यावरच्या पाटीवर ‘थांबा’ या अर्थाचा फ्रेंच शब्द दिसतो, आणि खुद्द फ्रान्समध्ये त्याच पाटीवर इंग्रजी ‘स्टॉप’! गाड्या दोन्हीकडे थांबतात. पाटीचे काम गाडी थांबवण्याचे आहे, आणि ते झाले.

मात्र कॉम्प्युटर या शब्दाची गोष्ट वेगळी. १९५५ साली एका कंपनीने आपल्या नव्या यंत्रासाठी फ्रेंच नाव सुचवा म्हणून पॅरिसच्या झाक पेरे या लॅटिनच्या प्राध्यापकांना विचारले. त्यांनी ‘ऑर्दिनातर’ हा जुना शब्द सुचवला. त्याचा अर्थ व्यवस्था लावणारा. धर्मग्रंथांत तो सृष्टीची घडी बसवणाऱ्या परमेश्वराला लावीत. शब्द लोकांना आवडला आणि आज सारा फ्रान्स तोच वापरतो.

आता आपल्या ‘आकाशवाणी’ या नावाकडे पाहा. म्हैसूरचे एक प्राध्यापक, गोपालस्वामी, यांनी १९३५ साली आपल्या घरी छोटे रेडिओ केंद्र सुरू केले, त्याला हे नाव दिले. पुढे ते साऱ्या देशाच्या रेडिओचे नाव झाले. हा शब्द कोणाला शिकवावा लागला नाही. कंसाला आकाशवाणी झाली, ही कथा आजीने प्रत्येकाला सांगितलेली होती. बोलणारा दिसत नाही, पण बोलणे ऐकू येते, एवढे त्या शब्दातच होते. ‘ऑर्दिनातर’ काय, ‘आकाशवाणी’ काय आणि आमच्या कामगारांची ‘पाळी’ काय, तिन्हींचे मर्म एकच. जुन्या, माहितीच्या शब्दाला नवे काम दिले, आणि ते काम त्याच्या जुन्या अर्थाशी जुळणारे होते.

म्हणजे शब्द ओळखीचा असणे पुरेसे नाही आणि शब्द शुद्ध असणेही पुरेसे नाही. ‘वारस’ ओळखीचा होता, पण काम चुकीचे सांगत होता. ‘भ्रमणध्वनी’चा अर्थ बरोबर आहे, पण तो कोणाच्या तोंडी बसला नाही.

शिक्षक मित्रांना यातून एक सोपी रीत सुचवतो. भाषांतराचा शब्द निवडताना मुलांना तीन प्रश्न विचारायला लावा. पहिला, हा शब्द इथे कोणते काम करतो? दुसरा, मला सुचलेला मराठी शब्द तेच काम करतो, की नुसता तसा दिसतो? आणि तिसरा, हा शब्द माझ्या आजीला वाचून दाखवला तर तिला न विचारता कळेल का? तिन्हींची उत्तरे समाधानकारक आली तर शब्द घ्यावा. मराठी शब्द सापडत नसेल तर इंग्रजी शब्द तसाच ठेवावा आणि शेजारी एका वाक्यात त्याचे काम सांगावे. ‘नॉमिनी, म्हणजे माझ्या पश्चात ही रक्कम स्वीकारण्यासाठी मी नेमलेली व्यक्ती’, एवढे त्या अर्जावर छापले असते, तर एका घराचे दोन तुकडे झाले नसते.

यासाठी पाठ्यपुस्तकाचीही गरज नाही. मुलांना घरातले कागद आणायला सांगा. बँकेची पैसे भरण्याची चिठ्ठी, विजेचे बिल, औषधाचे रिकामे पाकीट. ‘बॅलन्स’ म्हणजे शिल्लक, हे मुले लगेच सांगतील. पण बिलावरची ‘ड्यू डेट’ म्हणजे बिल निघाल्याची तारीख नव्हे, पैसे भरण्याची शेवटची तारीख, हे शोधायला त्यांना थोडे डोके चालवावे लागेल. औषधावरची ‘एक्स्पायरी’ म्हणजे त्यानंतर ते औषध घ्यायचे नाही, हे एकदा समजले की मूल घरी जाऊन आजीच्या डब्यातल्या गोळ्या तपासून पाहील. त्या दिवशी त्याने खरे भाषांतर केले.

आणि खेड्यातल्या माझ्या श्रोत्यांना एवढीच विनंती. सही करण्यापूर्वी, ज्या शब्दाचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे असे वाटते, त्याच शब्दावर बोट ठेवून विचारा, “साहेब, याचं इथं काम काय?” विचारण्यात कमीपणा नाही. घरी गेल्यावर ठेवीची पावती, विम्याचा कागद, पोस्टाचे पुस्तक एकदा बाहेर काढा. त्यावर कोणाचे नाव लिहिले आहे ते पाहा. लग्नाआधी लिहिलेले असेल, किंवा ज्याचे लिहिले तो माणूसच आता नसेल, तर नाव बदलून घ्या. आणि तुमच्या मागे ते पैसे कोणाचे, हे त्या रकान्यावर न सोडता घरातल्यांना बसवून सांगा आणि रीतसर लिहून ठेवा.